ताईच्या घरातला भराव

गल्लीत नवा माणूस राहायला आला की पहिल्याच दिवशी त्याच्या कपाळाला टेंगूळ येतं. इथल्या प्रत्येक घरात वाकूनच शिरावं लागतं. घरं काही बुटक्यांसाठी बांधलेली नव्हती हो! जमिनी वर आल्या, छतं मात्र होती तिथेच राहिली. पंखे केव्हाच उतरवले, खिडक्या गुडघ्याशी आल्या. उंच जावई नको गं बाई, असं बायका हसत हसत म्हणतात. हसतील नाही तर काय करतील बिचाऱ्या!

हे सगळं केलं समुद्राने, आणि समुद्राच्या खालोखाल मिस्त्रीने.

गल्लीतून समुद्र दिसत नाही. मोठ्या भरतीला तो गटारातून उलटा वर चढतो आणि न्हाणीघराच्या जाळीतून, नाहीतर सरळ दारातून घरात येतो. पूर्वी वर्षाकाठी एखादेवेळी यायचा, पायपुसणं भिजवून जायचा. आता मेला मुक्कामालाच येतो. किनाऱ्यावर भिंत बांधू म्हणून साहेबलोक सांगून गेले, त्यालाही जमाना झाला. मग लोकांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री जुनी फरशी उखडायचा, डबर आणि विटांचे तुकडे टाकून ठोकून ठोकून बसवायचा, वर पुन्हा फरशी लावायचा आणि दार खालून कापून परत चौकटीत बसवायचा. घर कोरडं, घरवाले खूश.

पण पाणी काय हवेत विरतं? एका घराची जमीन वर आली की ते मुकाट्याने शेजारच्या घरात शिरायचं. मग तो शेजारी हात धुवून मिस्त्रीच्या मागे लागायचा. मिस्त्रीला हे पक्कं ठाऊक होतं. काम मागायला त्याला कधी कुणाचा उंबरा झिजवावा लागला नाही. मनात कधी टोचलंच तर तो म्हणायचा, मी नाही केलं तर दुसरा कुणी करेल.

गल्लीच्या टोकाचं घर त्याच्या ताईचं. आई गेली तेव्हा हा रांगत होता. ताईने लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं, आणि त्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही. तो कमावता झाला, लग्न करून वर चढावरच्या वस्तीत राहायला गेला, तेव्हा "ताई, तूही चल" म्हणाला होता.

"मी कशाला? माझं घर आहे की मला," ताई म्हणाली. "तेवढी जमीन वर करून दे. मग मरेपर्यंत इथून हलायची नाही मी."

"देतो की! तुझं तर घरचंच काम. कधीही होईल."

हे 'कधीही' काही उगवेना. आज याची निकड, उद्या त्याच्याकडे बाळंतीण. गिऱ्हाइकाची भीड पडते, बहिणीची कशाला पडेल? ताई पाणी उपसायची, फडकं पिळायची आणि पुन्हा शिवायला बसायची. भाऊ आला की टोमणा मारायची, "या साहेब, चपला काढू नका, पाय ओले होतील." तो हसून वेळ मारून न्यायचा.

शेवटी एकदा त्याने मनावर घेतलं. मोठ्या भरतीच्या आधी ताईच्या दारात डबराचा ढीग येऊन पडला. ताईने हौसेने भांडीकुंडी बांधली, सामान पलंगावर रचलं. शेजारणीला म्हणाली, "उशीर केला, पण विसरला नाही हो पोरगा."

आणि नेमका बेकरीवाला आडवा आला. बेकरी ताईच्या घराला लागून, दोन्हींमधली भिंत एकच. गेल्या भरतीत त्याची भट्टी भिजली होती. "मिस्त्री, या वेळी भट्टी गेली तर मी संपलो," तो हातच जोडून उभा राहिला. "हाच माल टाका ना माझ्याकडे! ताईंचं मागून करा. ताई काय, घरच्याच."

मधली भिंत सामाईक असली की भराव दोन्ही बाजूंनी बरोबरच चढवायचा, नाहीतर एका बाजूचा रेटा भिंतीला फुगवतो. हे मिस्त्रीनेच हाताखालच्या कितीतरी जणांना शिव्या घालून शिकवलं होतं. पण दोन दिवसांचाच तर प्रश्न, असं म्हणत त्याने ताईच्या दारातला ढीग उचलून बेकरीत टाकला. ताईने कामावरच्या माणसांना चहा तेवढा करून दिला.

भरती भर दुपारी आली. बेकरीच्या नव्या उंबऱ्याला थापी मारताना मिस्त्रीने पाणी येताना पाहिलं. उंबऱ्याला लागलं, थबकलं, आणि सगळंच्या सगळं ताईच्या दाराकडे वळलं. थापी टाकून तो धावला. ताई शिवणयंत्र एकटीने पलंगावर चढवायला गेली होती. यंत्र हातातून निसटलं आणि त्याच्यासकट ती पाण्यात पडली होती. खुबा मोडला.

इस्पितळातून तिला त्याने आपल्याकडे आणलं. बायकोने काही कमी केलं नाही. पण ताईचा रोजचा एकच धोशा, "भरलीस का जमीन? मला जायचंय."

जमीन भरायची कुठून! भरतीचं पाणी पिऊन बेकरीतला भराव जड झाला आणि मधली भिंत ताईच्या बाजूला पोट काढून उभी राहिली. पाडावी तर दोन्ही छतं खाली येणार, बेकरीतला भराव उपसावा तर हादऱ्यानेच ती कोसळणार. एकच इलाज होता, ताईच्या बाजूने भिंतीला छातीएवढा भराव द्यायचा. म्हणजे वर उरणार सरपटण्यापुरती जागा.

बेकरीवाला घायकुतीला आला. त्याची माणसं आत भट्टीपाशी राबत होती, भिंत आज पडेल की उद्या, कुणी सांगावं? मिस्त्रीने ताईला सांगितलं तेव्हा तो भिंतीशी बोलावं तसा बोलला, तिच्याकडे बघायची छाती झाली नाही.

"भर," ताई म्हणाली. "कुणाचा जीव नको जायला. मला तेवढं बघायला ने."

त्याने तिला खुर्चीत बसवून गल्लीत आणलं. ती बघत राहिली. घमेल्यामागून घमेलं आत जात होतं. चूल गेली, न्हाणी गेली, तो रांगायला शिकला ती जमीन गेली. दाराच्या जागी मिस्त्रीने स्वतःच्या हाताने विटा लावल्या. मग तो येऊन तिच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"ताई, माझं चुकलं गं."

ताईने ना त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ना ती रागावली. बेकरीवाल्याने पावांचा एक पुडा पाठवला होता, तो तिच्या मांडीवर तसाच पडून होता.

शेवटी तो डोळे पुसून उठला. "चल ताई, ऊन लागतंय. घरी जाऊ."

"तुझ्या घरी म्हण," ताई म्हणाली. "नुसतं घरी म्हणू नकोस मला."

"माझ्या घरी चल," तो म्हणाला, आणि त्याने खुर्चीला हात घातला.