न्हाणीतल्या पांढऱ्या टाइल्स

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलीला नाही, देवापुढेही नाही – देवाशीही मी आयुष्यभर घासाघीसच केली, खरं बोललो नाही. तुम्ही परके आहात, म्हणून कदाचित जमेल.

धुळ्यात, देवपुरात, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. सायकलवर भंगार गोळा करता करता मी विहिरीच्या जुन्या मोटारींचं दुकान टाकलं आणि त्या दुकानाच्या कमाईवर हे घर घेतलं. मागे न्हाणी – पत्र्याचं दार, एक नळ, खाली खरबरीत शहाबादी फरशी. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. ती न्हाणी मला नवी करायची होती.

नथू गवंडी आमच्याच गल्लीतला. त्यानं सांगितलेला भाव मी अर्ध्यावर आणला. आणखी ओढायला लागलो, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "शेठ, इतकं फुकट पाहिजे तर स्वतःच थापी धरा ना." लोक हसले. ते हसू मी विसरलो नाही. आजही मला वाटतं, तो जास्तच मागत होता. असो. मी थापी धरली.

टाइल्स जळगावहून आणल्या. पांढऱ्याशुभ्र, चेहरा दिसेल अशा. एका दुकानात कोपरे उडालेला ढीग पडून होता. सौदा झाल्यावर दुकानदार म्हणाला, "भाऊ, ह्या भिंतीच्या आहेत. खाली लावू नका, पाय ठरणार नाही. खालच्या वेगळ्या येतात, दाखवू का?"

दाखवू का – एवढं ऐकलं आणि माझा कान बंद झाला. गिऱ्हाइकाला भीती घालून दुसरी वस्तू गळ्यात कशी मारायची, हे मला कोण शिकवणार? मी तेच करत आलो होतो. त्याचं खरं बोलणं मला धंद्याची युक्ती वाटली.

चार रविवार खपलो. भिंतीला त्याच, खालीही त्याच. गल्ली पाहायला आली. आणि तिसऱ्याच दिवशी मी स्वतः घसरलो. नळ हाताला लागला म्हणून वाचलो. म्हणजे मला ठाऊक होतं. खालच्या तेवढ्या फोडून काढायला किती वेळ लागला असता – एक दुपार? पण नथू समोरच्याच ओट्यावर बसायचा.

 माझ्या बायकोनं, कमलनं, एक गोणपाट दुहेरी शिवलं आणि माझ्या आईसाठी न्हाणीत अंथरलं. आईला आम्ही सगळे माय म्हणायचो. सत्तरीला आलेली, पण अंघोळ स्वतःची स्वतः करायची. सगळ्यांच्या अंघोळी आटोपल्या की कमल ते गोणपाट मागच्या भिंतीवर वाळत टाकायची, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा अंथरायची. मला त्याची चीड यायची. एवढी मेहनत केली – आणि वर पोतं?

एके सकाळी शिरपूरचा एक व्यापारी घरी आला. मला त्याला न्हाणी दाखवायची होती. मी गोणपाट उचललं आणि मागच्या भिंतीवर टाकलं. त्यानं वा वा केलं. मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो, तिथं चहा घेतला. माय तेवढ्यात अंघोळीला गेली.

खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात भाऊ, भावजय, शेजारी जमले. भावानं विचारलं, "पडली कशी?" कुणी माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नव्हतं – तरी मी कमलकडे वळलो. "माय राहिली होती ना अंघोळीची? गोणपाट वाळत टाकायची कसली घाई होती तुला?"

ती आठवत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. सौद्यात समोरचा माणूस डळमळतो तो क्षण मला कळतो, त्यावरच माझं पोट भरलं. ती डळमळली. हात सवयीनं चालतात – तिला वाटलं, टाकलं असेल आपणच. "चुकलंच माझं," ती म्हणाली.

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगायला हवं.

माय तीन वर्षं अंथरुणावर होती. कूस बदलणं, धुणंपुसणं, भरवणं – सगळं कमलनं केलं. आणि भेटायला येईल त्याला माय कमलच्या देखत सांगायची, "सूननी गोणपाट काढी लिधं, आन् मी पडनू." रागानं नाही. बाहेर ऊन पडलंय असं सांगावं, तसं. कमल खाली मान घालून चहा ठेवायला उठायची. किती वेळा ऐकलं मी ते? एकदा तरी तोंड उघडलं?

मायचं शेवटचं आलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. कमल तिच्या पायाशी बसली, पावलांवर डोकं टेकवलं. "माय, माझ्यामुळे तुमचे हाल झाले. माफ करा." माय शुद्धीत होती. ऐकत होती. मी उशाशी उभा होतो. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "बस झालं. सरक आता, बाकीच्यांना भेटू दे."

ती सरकली. कमल अजून आहे, आणि आजही तिला तेच खरं वाटतं.