सनईची वाकडी रेकॉर्ड

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात काचवाल्याच्या दुकानात उभा होतो. जाड काचेचे दोन तुकडे कापून घ्यायचे होते. त्यांच्यात दाबून वाकडी रेकॉर्ड सरळ करण्याचा माझा हा कितवा प्रयोग होता, देव जाणे. नानांच्या पत्नी, अक्का, शांतपणे बोलत होत्या. काचवाला माप विचारत होता आणि मला ते आठवेना... आज त्याला दीड महिना झाला.

नाना धुळ्याचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. आमची ओळखच जामनेरच्या एका भंगारवाल्याकडे झाली. रेकॉर्डच्या एकाच गठ्ठ्याला दोघांनी दोन बाजूंनी हात घातला होता. माझा फुललेला चेहरा पाहून भंगारवाल्याने लगेच भाव वाढवला. बाहेर आल्यावर नानांनी मला झापलं. रेकॉर्ड हवी असेल तर आधी मोडक्या पंख्याचा भाव विचारावा, मग कढईचा, आणि जाता जाता रेकॉर्डकडे बोट करावं, ही त्यांची शिकवण. पुढे भडगावपासून रावेरपर्यंत आम्ही किती पंखे विचारले! कव्हरं उंदरांनी कुरतडलेली असायची. वर देवाचं चित्र आणि आत लावणी निघायची. तरी सुई टेकल्यावरची ती पहिली खरखर ऐकली की नाना डोळे मिटून घ्यायचे.

सनईची एक एलपी ते वर्षानुवर्षं शोधत होते. त्यांच्या लग्नात लाउडस्पीकरवाल्याने तीच लावली होती. अखेर ती रावेरला केळीच्या वखारीत, रिकाम्या खोक्यांमागे सापडली. धुळीने माखलेली. धुण्याचं काम मी मागून घेतलं. रिठ्याच्या पाण्याने स्वच्छ केली आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर, बायकोच्या उडदाच्या पापडांशेजारी वाळत घातली. जन्म खान्देशात गेला, तरी ही अक्कल! पापड वाळले आणि रेकॉर्डची परात झाली.

नाना रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी ती तशीच लावली. कडेला सुई उड्या मारायची, आतल्या भागात सनई डुलत डुलत का होईना, वाजायची. "आम्हना लगीनमा बी अशीच वाजनी व्हती," म्हणून ते हसले. माझं मन मात्र ऐकेना. दर महिन्याला नवी युक्ती घेऊन मी धुळ्याला जायचो. कधी कोमट वाळू, कधी पाटा-वरवंटा. रेकॉर्ड सरळ व्हायची नाही. चहा व्हायचा, दुसऱ्या रेकॉर्डी वाजायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने मी परत. अशी चार वर्षं गेली.

तेराव्यानंतर अक्कांनी कपाट उघडलं, हवी ती घ्या म्हणाल्या. मी वाकडी सनई मागितली. त्यांनी एकाच कव्हराच्या दोन काढल्या. दुसरी अगदी सपाट होती. दोन वर्षांपूर्वीच नानांना ती मिळाली होती आणि मी नसताना ते ती लावायचे. मला सांगितलं का नाही, असं विचारलं, तर अक्का पदराने कव्हर पुसत म्हणाल्या,

"माले म्हनेत, त्याले सांगू नको. मंग तो येवाव नही."

मग तो येणार नाही! मी तिथेच रडलो. इतकी वर्षं मला वाटायचं, मी आपली चूक निस्तरायला जातोय...

वाकडी मी घरी आणली, चांगली तिथेच ठेवली. अक्कांचा हात कापतो, त्यांना सुई टेकवता येत नाही. म्हणून परवा गेलो आणि लावून दिली. अक्कांनी ती शेवटपर्यंत ऐकली, मग बाजू उलटायला सांगितली.