रेडकू नसलेलं चित्र

मंडळी, आज माझ्या पहिल्यावहिल्या कॉमिकच्या कामाचं शेवटचं पान शाईनं पक्कं करत होते. लेखकाला ते संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. शाई एकदा बसली की बदल करता येत नाही, म्हणून हात जपूनच चालला होता.

चित्रात एक बाई म्हशीची धार काढते. म्हशीसमोरचा कोपरा मी पूर्ण काळा करणार होते. ब्रश बुडवला, तेवढ्यात गोठ्यातलं काम उरकून आई मागं येऊन उभी राहिली.

"रेडकू कुठं हाय गं?"

"गोष्टीत रेडकू न्हाई, आई."

"मग म्हस दूध कशी दील? रेडकू म्होरं दिसल्याबिगर पान्हा सोडती व्हय? एवढी पदवी घेतलीस की."

एरवी चित्र दाखवलं की ती म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं." आज तिलाच कळलं. मी ब्रश धुतला आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं रेडकू काढलं. त्याचे कान तिनं दोनदा बदलायला लावले, मगच त्यावर शाई फिरवली.

पान वेळेत गेलं. खाली माझ्या सहीशेजारी मी आईचं नावही लिहिलंय. तेव्हापासून ती एकच म्हणतेय, "माझं नाव कशाला? लोक हसतील."

तुम्हीच सांगा तिला. हसाल का?