आप्पांचं फॉरेनचं गेट

मंगळवारी सकाळी वर्कशॉपचं शटर वर केलं आणि पाचच मिनिटांत दारात जीप उभी राहिली. मी तेव्हाच ओळखलं... आता कुणीतरी मोबाईल माझ्या नाकासमोर धरणार.

वरवंडला हायवेच्या कडेला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. हल्ली लोक माप घेऊन येत नाहीत, फोटो घेऊन येतात. फोटोत राजवाड्याचं फाटक आणि यांची जागा आठ फूट!

जीपमधून साठीचे एक आप्पा आणि त्यांची सून उतरली. नदीपलीकडून, तळेगाव ढमढेऱ्याहून आले होते, बंगल्याचं काम चालू होतं, हायवेवर माझी पाटी बघून वळले होते. आप्पांनी मोबाईल पुढे केला.

"मिस्त्री, फॉरेनचं डिझाईन हाय. बांबूचं. तुमच्याच्यानं जमंल का न्हाई, ते आधी सांगा."

फोटोत काय होतं ते सांगतो. पण त्याआधी माझी गेली दोन वर्षं कशी गेली ते ऐका, नाहीतर माझी चिडचिड तुम्हाला कळायची नाही.

माझा मेहुणा पुण्यात ऑफिसात असतो. त्यानं डोक्यात भरवलं... "भाई, रोज एक रील. एक दिवस खंड पडला की संपलं." झालं. मी मोबाईल स्टँडला लावून वेल्डिंग करायला लागलो. ठिणग्या झकास दिसाव्यात म्हणून तोच जोड दोन-दोनदा घासायचा. मग गाणं शोधा, अक्षरं चिकटवा... रोजचे दीड-दोन तास त्यातच जायचे.

लाईक यायचे. "भारी भावा", "नादखुळा". पण त्यातल्या एकानं तरी गेट करून घेतलं असेल तर शपथ! त्यांना गेट नकोच होतं, ठिणग्या बघायच्या होत्या.

आणि एक दिवस कॅमेऱ्याकडे बघता बघता गेटचा उभा पाईप चार इंच आखूड कापला. गिऱ्हाईकाची वास्तुशांत तीन दिवसांवर. धावपळ करून सगळं पुन्हा केलं, पण गेट बसलं ते पाहुणे आत शिरत असताना आणि रंग ओला. एका पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळा पट्टा उमटला. घरमालक त्या पाहुण्याची माफी मागत राहिला... ते मला फार लागलं.

घरी आलो तर माझी बायको नसरीन एवढंच म्हणाली, "गेट बनाओ जी, पिक्चर मत बनाओ."

तिनंच मग मला ते दुसरं ॲप दाखवलं, जिथं ती मेंदीची डिझाईन शोधून सेव्ह करून ठेवते. तिथं लोक टाइमपास करत नाहीत म्हणाली, काहीतरी करायचं असतं म्हणून शोधतात. मी वैतागातच माझ्या चांगल्या कामांचे आठ-दहा फोटो टाकले. खाली ना गाव, ना नाव... नुसतं "न्यू वर्क". रील बनवणं सोडलं आणि हे फोटोही विसरून गेलो.

तर मंगळवारी आप्पांच्या मोबाईलमध्ये बघतो तर काय... ते गेट माझंच! इथून दोन गल्ल्या सोडून लावलेलं. एका बागायतदारानं हौसेनं करून घेतलेलं, पत्र्याचं एकेक पान मी हातानं वाकवलेलं.

"आप्पा, हे मीच केलंय."

"व्हय, व्हय," आप्पा हसले. "समदे असंच म्हणत्यात."

"आणि हा बांबू नाही. ऊस आहे."

झालं होतं असं, की कुणीतरी माझा फोटो उचलून स्वतःच्या पेजवर लावला होता आणि खाली इंग्रजीत बांबू गेट लिहिलं होतं. मी काही लिहिलंच नव्हतं, मग त्यानं मनाला येईल ते लिहिलं. आणि आयुष्यभर ऊस लावलेला माणूस त्या दोन इंग्रजी शब्दांपायी माझ्याशी वाद घालत होता!

शेवटी काम तसंच टाकलं आणि दोघांना चालत त्या गेटपाशी घेऊन गेलो. आप्पांनी चष्मा लावला, वाकून कांड्यांवरून बोट फिरवलं.

"आयला... ऊसच हाय की ह्यो."

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तर म्हणतात कसे, "मग हितलंच हाय तर जरा कमीत करा की, मिस्त्री!"

डोक्याला हात लावला मी. फॉरेनचं होतं तोवर मला जमेल का ही शंका, आणि इथलं निघालं की लगेच स्वस्तात पाहिजे?

तेवढ्यात सूनबाई पुढे आल्या. "आप्पा, आता घासाघीस नको. आठ महिने झाले, हा फोटो मी जपून ठेवलाय. पाया खणायच्या आधीपासून. लावायचं तर हेच."

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मापं घ्यायला कधी येऊ, ते तिथंच ठरलं.

गुरुवारी आमच्याकडे लाईट नसते, वेल्डिंग बंद. नसरीनला शेजारी घेऊन अर्धा तास बसलो. कोपऱ्यात वर्कशॉपचं नाव टाकून फोटो नव्यानं चढवले आणि खाली साध्या मराठीत लिहिलं... उसाच्या पानांचं लोखंडी गेट, बंगल्यासाठी, वरवंड, तालुका दौंड. चार फोटो झाले की मोबाईल खिशात. आता दर गुरुवारी एवढंच करणार. मेहुण्याला सांगितलं तर म्हणाला, "पण भाई, रील..." मी फोन ठेवून दिला.

राग अजून आहेच. त्या पेजवाल्यावर आहे, आणि वर्षभर ठिणग्या उडवत बसलो म्हणून स्वतःवरही आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. आप्पांच्या सुनेनं, त्या ताईंनी, मला कधी लाईक दिला नाही, कमेंट केली नाही, त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. मी इथं आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून कुरकुरत होतो, आणि नदीपलीकडं एक बाई अजून न बांधलेल्या घरासाठी माझं गेट सांभाळून बसली होती.

ताई, मनापासून आभार. तुमच्या गेटची पानं वाकवायला घेतली आहेत.