सायमनची जाड फाइल

"पासपोर्ट दाखव!"

किनाऱ्यावरून पोलिसांचे साहेब ओरडले तेव्हा सायमन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एका पाहुण्याचा मास्क बसवत होता. मला आधी वाटलं, थट्टा चाललीय.

मालवणजवळच्या एका डाइव्ह सेंटरची मी मॅनेजर. पोहता न येणाऱ्यालाही आमचा इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून पाण्याखाली फिरवून आणतो, त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात. पाच इन्स्ट्रक्टरांत सायमन सगळ्यात शांत. आडनाव सिद्दी. त्याच्या पूर्वजांना शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलं गेलं. आता ही माणसं कर्नाटकात हल्याळकडे राहतात, घरी कोकणी बोलतात. पण रंग काळा, केस कुरळे. कुणा टुरिस्टने फोन करून कळवलं होतं, 'संशयित परदेशी आहे.'

"साहेब, मी हल्याळचो," सायमन म्हणाला. "पासपोर्ट नाय माझ्याकडे. भायरदेशी कधी गेलंयच नाय."

"भाषा काय, शिकून येतात."

बोट चालवणारा आमचा बाबी मध्ये पडला. "साहेब, तीन वर्सां हो आमच्या बोटीर आसा."

"तू गप रे."

सायमनला ओल्या वेटसूटसकट खुर्चीत बसवलं. कागद पटले नाहीत तर थेट चौकीवर. पाहुणे मोबाइलवर शूटिंग करत होते. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा ऑफिसात गेले आणि त्याची फाइल आणून टेबलावर आपटली. आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला, वडिलांचं मतदार कार्ड, पोलिस व्हेरिफिकेशन, मेडिकल फिटनेस. आता बोला!

साहेबांनी एकेक कागद उलटला, त्याच्या ग्रामपंचायतीत फोन लावून खात्री केली. मग म्हणाले, "बाकीच्यांच्या फायली आणा."

बाकीचे चौघे गावातलेच. कुणाच्या आईला मी ओळखते, कुणाच्या मामाला. प्रत्येकाच्या फाइलमध्ये आधारची एक झेरॉक्स.

"ह्यांचा एक कागद, त्याचे आठ. म्हणजे मॅडम, संशय तुम्हालाही होताच की."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. खोटं नव्हतं ते. यादी मीच दिली होती. एक कागद आणला की मी दुसरा मागायचे. त्यासाठी त्याने हल्याळला चार फेऱ्या मारल्या, आणि मी स्वतःला काटेकोर समजत राहिले.

"आणि ह्यांचं मेडिकल फिटनेस?"

कान, छाती, हृदय पाण्याखालचा दाब सोसतील असा डॉक्टरचा दाखला. खरा गरजेचा कागद तोच. चौघांकडेही नव्हता. साहेबांनी चौघांनाही पाण्यात उतरायला बंदी केली आणि निघून गेले. सायमनला सॉरी वगैरे काही नाही.

त्या दिवशी नियमाने पाण्यात उतरू शकणारा आमच्याकडे एकच माणूस उरला.

"सायमन, तू घरी जा," मी म्हटलं. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"काम करतंय मी, मॅडम. पण त्यांका किती कागद आणूक सांगतलात?"

"दोन. आधार आणि मेडिकल."

त्याने हात पुसले, फाइल उघडली, ते दोन कागद ठेवले आणि बाकीचे सहा काढून आपल्या बॅगेत टाकले. मग सिलिंडर उचलून पाण्याकडे गेला.

आता ऑफिसच्या भिंतीवर सगळ्यांसाठी एकच यादी आहे. माणसाचे कागद तपासण्याआधी मी ते का मागतेय हे तपासावं, एवढं मला कळलं. पण हे त्या साहेबांकडून कळावं, याचा राग अजून गेलेला नाही.