मावशींची चंबळ

दिल्लीच्या मयूर विहारात टीव्ही घरोघरी आहेत. पण टीव्हीकडे पाठ करून टीव्ही पाहणारं माणूस एकच, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या एका संस्थेसाठी रेकॉर्ड केलेली लेक्चर्स तपासतात. दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्याला ती नुसती ऐकून समजतील का, एवढंच पाहायचं. ही तपासणी घरीही थांबत नाही. क्रिकेटच्या समालोचकाला त्या भिंतीकडे तोंड करून झापतात, "'क्या शॉट है' काय? बॉल कुठे गेला ते बोल ना यार!" पाहुण्यांना वाढताना ताटाचं घड्याळ करून सांगतात, "मीठ बारावर, चटणी दहावर." माझा भाऊ पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्याने आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

त्यांच्याकडे येणारी एक अंध विद्यार्थिनी भूगोल सोडायला निघाली होती. विषय बदलायची मुदत आठवड्यावर आली होती. तिच्या प्राध्यापकांचं नद्यांवरचं लेक्चर नावाजलेलं, पण त्यात चंबळ "यहाँ से निकलती है, यहाँ मुड़ती है और यहाँ मिल जाती है."

"भूगोल मेरे बस का नहीं, मावशी."

"बेटा, सिखाना उनके बस का नहीं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी प्राध्यापकांना चहाला बोलावलं.

त्यांच्यादेखत मला स्क्रीनकडे पाठ करून बसवलं, हातात कोरा नकाशा दिला आणि लेक्चर लावलं. ऐकायचं आणि नदी काढायची. माझी चंबळ गुजरात ओलांडून थेट समुद्रात गेली.

प्राध्यापकांनी कागद निरखून पाहिला. "आपने कभी भूगोल पढ़ा है?"

"अभी पढ़ा, सर. आप ही से," उत्तर मावशींनी दिलं.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "दोबारा रेकॉर्ड करते हैं."

नव्या रेकॉर्डिंगात चंबळ माळव्याच्या पठारावरून निघते, उत्तरेला जाते, ईशान्येकडे वळते आणि इटाव्याच्या पुढे यमुनेला मिळते. मुलीने ते एकदाच ऐकलं आणि मावशींच्या जेवणाच्या टेबलावर बोटाने अख्खी नदी काढली. बातमीदारीत मी बरीच मोठी उद्घाटनं पाहिली. त्यांतलं एकही त्या टेबलाच्या तोडीचं नव्हतं. भूगोल सुटला नाही.

आता तिला ग्वाल्हेरला भूगोल शिकवायची नोकरी लागली आहे. ती तिकडे निघाली त्या दुपारी मावशींचा फोन वाजला. तिची गाडी चंबळच्या पुलावर होती. तिने नुसता पुलाचा खडखडाट ऐकवला. पूल संपला, चाकांचा आवाज पुन्हा साधा झाला. मावशींनी फोन कानापासून काढला नाही.