रिकाम्या काट्यावरचं वजन

पाचोऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधला गाड्यांच्या वजनकाट्याचा प्रोग्राम जुन्या युनिक्सवरून लिनक्सवर आणायचं काम माझ्याकडे होतं. नव्या मशीनवर रिकामा काटा साठ किलो दाखवू लागला. दोन्ही मशीनं आकडे वेगळ्या क्रमाने साठवतात, चूक तिथेच असणार म्हणून मी सगळा कोड पिंजून काढला. शेवटी वैतागून जुनं मशीन लावलं, तर त्यावरही साठच.

काट्यावरच्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक गाडीआधी तो बाहेर जाई, कुणाच्या दारात उभं राहिल्यासारखा खाकरे आणि रिकाम्या काट्याकडे बघून म्हणे, "भाऊ, खाले उतर. गाडी ई ऱ्हायनी." की आकडा शून्यावर येई.

"आबा, नव्या मशीनवरही तसंच?" मी चिडून विचारलं.

"मशीन बदलनं. तो तठेच शे ना," तो शांतपणे म्हणाला.

संध्याकाळी देवपूरला घरी येऊन मी तोच प्रोग्राम लॅपटॉपवर चालवला. लॅपटॉपला काटा जोडलेलाच नव्हता. तरी साठ किलो.

मी खाकरलो. "भाऊ, खाली उतरा."

आकडा शून्य झाला. मला हायसं वाटलं. पण तो उतरला कुठे, हे मनात येताच मागे वळून बघायचा धीर होईना.